बीमखालचा पलंग

दुसरं बाळ गेलं तेव्हा दवाखान्यातून आम्ही बसनं घरी आलो. गाडी करता आली असती. पण बायको म्हणाली, "बसनंच जाऊ, लोकं असतात." वर्ध्यापासून ती खिडकीशी डोकं टेकून बसली होती. जामच्या चौकात एक बाई कडेवर लेकरू घेऊन चढली आणि जागा शोधत नेमकी आमच्याच सीटवर येऊन बसली. लेकरू झोपेत होतं. त्याचा पाय बायकोच्या मांडीवर आला. तिनं तो बाजूला सारला नाही. समुद्रपूर येईपर्यंत ती त्या पायाकडं बघत होती आणि मी समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडं.

दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात झालं. दोन्ही वेळा आधी काही कळलं नाही. थोडी कंबर दुखली, मग सगळं फार लवकर आटोपलं. तपासण्या केल्या, रक्त दिलं, फोटो काढले. सगळं नॉर्मल. "होतं कधीकधी असं. पुन्हा प्रयत्न करा," असं आम्हाला सांगण्यात आलं. काही सापडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटे. नॉर्मल या शब्दाशी भांडायचं कसं?

मी भूकरमापक आहे. लोक मोजणीवाले साहेब म्हणतात. शेताचा धुरा, म्हणजे बांध, कुठून जातो हे ठरवायला मला बोलावतात, आणि मी खुणा ठोकून निघालो की दोन्हीकडचे शेतकरी मिळून मला शिव्या घालतात. तरी ते काम मला आवडतं. नकाशावर रेघ असते, जमिनीवर ती सापडते. घरातल्या या गोष्टीची रेघच कुठं दिसेना.

आमच्या घरात देव नाहीत. माझे वडील लहान असताना आजोबांच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेले होते. तेव्हापासून घरात पंचांग आलं नाही, ज्योतिषी आला नाही, लिंबू-मिरची टांगली गेली नाही. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमच्या लग्नाला मुहूर्त नव्हता. सगळ्यांना सुट्टी होती म्हणून रविवार धरला होता. दुसऱ्यांदा तसं झाल्यावर शेजारची एक म्हातारी बायकोला म्हणाली, "बाई, एकदा कोणाले दाखव तं खरं." बायको म्हणाली, "डॉक्टरले दाखवलं ना आजी."

डॉक्टरांशिवाय दाखवायला आम्हाला कोणीच नव्हतं.

मग एका रविवारी दुपारी बायकोच्या थोरल्या बहिणीनं नागपूरहून तिला एक व्हिडिओ पाठवला. ताईचं मन फार चांगलं. आमच्यासाठी तिनं काय काय केलं ते सांगायला बसलो तर हे लिहिणं तिच्यावरच होईल. व्हिडिओत कोट घातलेला एक माणूस हिंदीत बोलत होता. फेंगशुई हे धर्माचं काही नाही, ऊर्जेचं शास्त्र आहे, चीनमध्ये हजारो वर्षांपासून चालत आलंय, असं तो म्हणाला. मग त्यानं पलंगाचं सांगितलं. पलंगाच्या वर बीम असेल तर झोपलेल्या माणसाच्या ज्या भागावर तो येतो, तो भाग दबतो. डोक्यावर आला तर डोकेदुखी. छातीवर आला तर दमा. पोटावर आला तर...

बायकोनं मोबाईल उलटा ठेवला आणि चहा मांडायला गेली.

मी आमच्या पलंगावर तिच्या जागी जाऊन आडवा झालो आणि वर बघितलं. घर भाड्याचं. मालकानं मागची भिंत पाडून खोली वाढवली होती, म्हणून स्लॅबखाली मधोमध जाडजूड बीम आला होता. लग्नापासून आम्ही त्याच्याखाली झोपत होतो. तो माझ्या बेंबीवरून सरळ आडवा जात होता.

मी उठलो नाही. घाम आला. पंखा जोरात फिरत होता आणि मला बीमखेरीज काही दिसत नव्हतं. हे खोटं आहे हे मला कळत होतं, आणि पुढच्याच श्वासात वाटत होतं, पण आहे ना तो तिथं. इतकी वर्षं आहे. बाकी सगळं नॉर्मल आहे, आणि हा एक आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी खोलीचा नकाशा काढला. भिंती, दार, खिडकी, बीम, कपाट, पलंग, सगळं प्रमाणात. कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवली. नकाशा घेऊन मी वर्ध्याला एका बाईंकडं गेलो. त्या फेंगशुईचा सल्ला देत. घरात माशांची पेटी होती, स्फटिकांचं झुंबर होतं, पण बाई साध्या होत्या. माझ्या आईच्या वयाच्या.

"असा नकाशा मला कोणी आणून देत नाही," त्या म्हणाल्या. मग पेनानं दाखवू लागल्या. झोपलेल्या माणसाला दार दिसलं पाहिजे. पण पाय दाराच्या सरळ रेषेत नकोत. डोकं भक्कम भिंतीला हवं. डोक्यामागं खिडकी नको. आरशात पलंग दिसू नये. वर बीम नको.

मी त्यांच्या पेनामागं डोळे फिरवत होतो. खोली इतकी लहान, आणि पलंग सासरकडून आलेला जाडजूड सागवानी. बीम चुकवला की खिडकी येत होती. खिडकी चुकवली की दार येत होतं. सगळं चुकवणारी जागा त्या खोलीत नव्हती. नकाशा मीच काढला होता, मला ते आधीच दिसलं होतं. तरी मी त्यांच्याकडं असा बघत होतो, जणू त्या पेनानं भिंत सरकवतील.

"काय झालंय घरात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी पेन बीमच्या रेघेवर टेकवलं. मग म्हणाल्या, "बीम सगळ्यात वाईट. तो आधी टाळा. पाय दाराकडं होतील, त्याला इलाज आहे. पायथ्याशी एक ठेंगणी पेटी ठेवा, दाराला जाड पडदा लावा. आरसा झाका." निघताना त्यांनी हसऱ्या बुद्धाची एक मूर्ती माझ्या हातात ठेवली.

त्या आठवड्याच्या रविवारी आम्ही पलंग हलवला. वडील पुढच्या खोलीतून आले आणि दारात उभे राहिले.

"काऊन हलवून राह्यला?"

"खोलीत हवा येत नाही, बाबा."

त्यांनी पलंगाची नवी जागा बघितली. "अन् पाय दाराकडं? पाय दाराकडं करून कोणाले ठेवतात, माहीत हाये ना तुले?" बोलून गेले आणि स्वतःच ओशाळले. जन्मभर असल्या समजुतींवर फळ्यासमोर उभं राहून बोललेला माणूस. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

पलंग दोघांना हलेना. बायको म्हणाली, "सरका, मी लावते जोर." वडील म्हणाले, "तू नको, बेटा." पण तिनं पाठ पलंगाला लावली, पाय भिंतीला दिले आणि रेटलं. पलंग फरशीवर करकरत सरकला. नव्या जागी लागल्यावर ती हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली म्हणून मला ते लक्षात आहे. आरशाच्या कपाटावर तिनं जुनी साडी खोचली. वडिलांनी खिडकीतली मूर्ती उचलून चष्मा वर करून बघितली.

"हा कोण?"

"बुद्ध आहे, बाबा. चीनमधला."

"बुद्धाले एवढं पोट कधी आलं?" म्हणाले, आणि मूर्ती होती तिथं ठेवून गेले.

मग बायकोला दिवस गेल्याचं कळलं. डॉक्टरांनी तारखांचा हिशेब केला तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या तो उलटा फिरवला. ज्या रविवारी तिनं पाठ लावून पलंग रेटला, त्या रविवारी बाळ पोटात होतं.

हे एवढ्यावर थांबलं असतं. पण मी तोवर रोज मोबाईलवर शोधत होतो. मोजणीला जाताना बसमध्ये, जेवताना, न्हाणीत. आणि त्यातच मला ते सापडलं. फेंगशुईत गरोदर बाईचा पलंग कधी हलवत नाहीत. खोलीत खिळा ठोकत नाहीत. पलंगाखाली झाडतसुद्धा नाहीत. बाळाचा जीव पलंगाभोवती असतो, पलंग हलला की तो सुटतो.

मी शेतात उभा होतो. ज्यांचं शेत होतं ते विचारत होते, "साहेब, खुंटी कोठं मारू?" मला आवाज ऐकू येत होता, अर्थ लागत नव्हता.

तेव्हापासून घरातला एकेक दिवस मी कसा काढला ते मला नीट सांगता येत नाही. पलंग आहे तिथं ठेवायचा तर पाय दाराकडं. परत न्यायचा तर बीम. आणि नेणं म्हणजे पुन्हा हलवणं. मी दाराशी उभा राहून तिला झोपलेली बघायचो. पडद्याआडून तिचे तळवे आधी दिसत. मी आत जाऊन तिच्या पायांवर चादर टाकायचो. उन्हाळा लागत होता, ती लाथेनं चादर काढायची, "गरम होऊन राह्यलं ना." मी पुन्हा टाकायचो. ती अंघोळीला गेली की मी तिचा मोबाईल उघडून ताईचे व्हिडिओ पुसून टाकायचो, तिला काही दिसू नये म्हणून.

तीही बदलली होती. कामाला येणारी बाई झाडू घेऊन खोलीत शिरली की ती म्हणे, "राहू द्या मावशी, पलंगाखाली नका झाडू." मला वाटलं, अशक्तपणानं चिडचिड होते आहे; आणि मला तेच हवं होतं, म्हणून मी कारण विचारलं नाही. पलंगाखाली कापसाच्या गाठोड्यासारखी धूळ जमली.

चौथ्या महिन्यात तिची कंबर दुखायला लागली. तेच ओळखीचं दुखणं. यावेळी आम्ही थांबलो नाही, वर्ध्याच्या दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टर तरुण होती. तिनं बराच वेळ सोनोग्राफी बघितली, मग पडदा आमच्याकडं वळवला.

"हे गर्भपिशवीचं तोंड. हे बंद पाहिजे. यांचं आतून उघडायला लागलंय. आधीच्या दोन्ही वेळा हेच झालं असणार. वजन वाढलं की ते धरत नाही."

तोंड उघडतं. इतकंच. दोन बाळं गेली, आणि कारण एका वाक्याचं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, "डॉक्टर, काही जड ढकललं तर असं होतं का?"

"नाही. ही त्यांची ठेवणच आहे."

"नक्की?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं.

पिशवीच्या तोंडाला टाका घातला गेला. चार दिवसांनी घरी सोडताना डॉक्टर म्हणाली, "आता बेडरेस्ट. फक्त बाथरूमपुरतं उठायचं. आणि पलंगाची पायाकडची बाजू थोडी उंच करा, विटा लावून. याचा किती फायदा होतो ते मी छातीठोक सांगू शकत नाही, पण करून बघू."

घरी आलो. मी अंगणातून विटा आणल्या, झटकल्या आणि खोलीत उभा राहिलो. बायको खुर्चीत बसली होती, पोटावर हात ठेवून. तिला बसायचीही मनाई होती. मी वाकलो, पलंगाचा पाय धरला आणि तो मला उचलवेना.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. जड आहे."

"बाबाले बोलवा मग."

"थांब जरा."

"काऊन थांबू? मले आडवं व्हायचं हाये."

मी विटा खाली ठेवल्या आणि जमिनीवरच बसलो. म्हणालो, "पलंग हलवायचा नसतो. दिवस असताना. मी वाचलंय. आपण त्या रविवारी हलवला तेव्हा तुझ्या पोटात... तू रेटलं होतंस. आता पुन्हा उचलायचा म्हणजे..."

मला रडू फुटलं. मोजणीच्या वेळी माझ्या अंगावर लोक कुऱ्हाडी घेऊन धावलेत, तेव्हा मी रडलो नव्हतो.

ती म्हणाली, "मले माहीत हाये."

"काय?"

"मीबी वाचलं. तुमच्या आधी. म्हणून तं झाडू देत नोती मावशीले." ती खुर्चीत सावरून बसली. "तुम्ही व्हिडिओ मिटवत होते, मी ताईकडून पुन्हा मागवत होती. मले वाटलं, तुम्हाले समजलं तं तुम्ही मरान."

एकाच खोलीत, एकाच भीतीखाली, दोघं वेगवेगळे झोपत होतो. मला तिचा राग आला, माझाही आला, आणि कुठल्याच रागात जीव नव्हता.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही, पण असं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "आयका. हे लेकरू पलंगानं नाई धरून राह्यलं. मी धरून राह्यली. रात्रंदिवस मी धरून राह्यली अन् आता माह्या मांड्या कापून राह्यल्या बसून बसून. उद्या सुटलं तं सुटलं. पण मले आता झोपू द्या."

पडद्यामागं वडील उभे होते. किती वेळापासून, मला माहीत नाही. ते आत आले, माझ्याकडं न बघता पलंगाच्या पायथ्याशी वाकले आणि म्हणाले, "धर."

मी धरलं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. मी पायानं एक वीट आत सारली, मग दुसरी, मग दुसऱ्या बाजूनं तसंच. पायथ्याशी ठेवलेली ठेंगणी पेटी मध्ये येत होती, ती वडिलांनी ढकलून बाहेर नेली. बायको आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले. वडील म्हणाले, "पाणी आणू का, बेटा?" तिला तोवर झोप लागली होती.

भीती गेली असं मात्र झालं नाही. डॉक्टरनं कारण सांगितलं, टाका घातला, बायकोनं एवढं सुनावलं, तरी मी खोलीत शिरताना आधी वर बघायचो, मग पलंगाकडं, मग तिच्याकडं. सगळा उन्हाळा ती तिथं पडून होती. कूलरला पाणी भरणं, तिला जेवण भरवणं, बाथरूमपर्यंत धरून नेणं, हे वडील आणि मी वाटून घेतलं. वडील तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत, अगदी हवामानापर्यंत. ती छताकडं बघत पडून राही आणि महिने ओलांडत जाई. पाचवा सरला त्या दिवशी वडिलांनी वर्तमानपत्र पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवलं. ताई आली, उशाशी बसून तिचे केस विंचरून गेली.

सातवा संपत आला तेव्हा मी आष्टीकडं होतो. तिकडं माणसं कमी म्हणून मला पाठवलं होतं. संत्र्याच्या बागेत दोन भावांचा धुऱ्याचा वाद होता. सकाळपासून दोघं माझ्या अंगावर येत होते. वडिलांचा फोन आला, "पाणी गेलं तिचं. गाडीत टाकून नेऊन राह्यलो वर्ध्याले. तू ये."

मोजणीचं मशीन तिवईवर तसंच उभं राहिलं. मी शेतातून पळत सुटलो आणि मातीत पडलो. धाकट्या भावानं मला उठवलं. थोरला मोटारसायकल काढत होता. "बसा साहेब." धाकटा म्हणाला, "दादा, मी मशीन सांभाळतो, तू जाय." सकाळपासून दोघं एकमेकांशी पहिल्यांदा नीट बोलले. थोरल्यानं मला थेट वर्ध्याच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेलं. सगळ्या वाटेत त्यानं एकदाही विचारलं नाही की काय झालंय.

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, नाकाला नळी, पायाला तार. आम्हाला पहिल्या दिवसांत कोणी हो म्हणत नव्हतं, नाही म्हणत नव्हतं. "बघू," एवढंच. बायको चाकाच्या खुर्चीतून येई आणि काचेला बोट लावून बसे. वडिलांना आत सोडत नसत. ते जिन्यात बसत, डबा मांडीवर धरून.

मुलगी आता चालते. एका ओळीत हे लिहिताना मला अजून धाप लागते. तेव्हा आम्हाला हे माहीत नव्हतं. तेव्हा ती पेटीत होती आणि तिचं वजन उतरत होतं.

एका सकाळी बायकोला ताप होता. सिस्टर बाहेर येऊन मला म्हणाली, "सर, आज तुम्ही या. शर्ट काढा." मला समजेना. ती म्हणाली, "लहान बाळाला उघड्या छातीवर ठेवतात. आईच्या, नाहीतर बापाच्या. ऊब मिळते."

मी म्हणालो, "मला नाही जमणार. काही झालं तर?"

"बसायचं फक्त. हलायचं नाही."

मी शर्ट काढून मागं रेललेल्या खुर्चीत बसलो. हातपाय धुतले होते तरी बोटांत मला आष्टीची माती दिसत होती. सिस्टरनं पेटी उघडली, नळी सावरली आणि तिला माझ्या छातीवर पालथी ठेवली, वरून पट्टा बांधला. वजन असं काही नव्हतं. पिकलेलं पान अंगावर पडावं तसं. मग तिनं बोटं उघडून मिटली, आणि त्यात माझ्या छातीचा एक केस आला.

मी ताठ बसलो होतो. सिस्टर तारा तपासत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, पुन्हा बघितलं.

"सर," ती म्हणाली, "श्वास घ्या ना."